रिकामा रकाना

मडिवाळप्पांनी जेवताना अट घातली आणि ती त्यांच्या बायकोने, रत्नम्मांनी ऐकली, त्यामुळे नंतर ती कोणालाच बदलता आली नाही.

"रविवारच्या मेळाव्यात हुग्गी गरम असताना पंगत बसली, तर नांदेड कबूल," मडिवाळप्पा म्हणाले. "आणि मागच्यासारखी गार हुग्गी पानात पडली, तर ह्या घरात नांदेडचं नाव निघणार न्हाई."

"लिहून देता, अप्पा?" मंजुश्रीने विचारलं.

"व्यापारी माणूस लिहून देत नसतो. जबान देतो."

"मी ऐकलंय," तव्यावरची भाकरी उलटत रत्नम्मा म्हणाल्या. विषय तिथे मिटला.

मंजुश्री लातूरच्या एका तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर सी भाषा शिकवत होती. नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने तिला कायमची नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं. मडिवाळप्पांचं गंजगोलाई बाजारात हार्डवेअरचं दुकान. पोरीने नोकरी करण्याला त्यांची हरकत नव्हती, लग्नाआधी एकटीने परगावी राहण्याला होती. त्यात ते लिंगायत समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे सेक्रेटरी. दुनियेची लग्नं जमवणाऱ्याची पोरगी बिनलग्नाची नांदेडला गेली तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता. लोक काय म्हणतील हे त्यांनी अजून कोणाला विचारलं नव्हतं.

मागच्या मेळाव्याचा घाव ताजा होता. माईकवर विरूपाक्षकाका होते. त्यांनी बसस्थानकावर आयुष्यभर गाड्या पुकारलेल्या. समोर आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा आणि शेवटची ओळ 'पुन्हा एकदा ऐका' म्हणून परत सांगायची, ही त्यांची शिस्त. त्यांनी प्रत्येकाचा अख्खा फॉर्म वाचला. मामाचं गाव वाचलं, रक्तगट वाचला, चुलत्याची शेती कोणत्या शिवारात आहे तेही वाचलं. दिवस कलला. हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळाची खीर, पातेल्यात इतकी घट्ट झाली की पळी उभी राहू लागली. उदगीरची मंडळी उपाशीपोटी गाडीत बसली आणि तेव्हापासून लातूरचा कोणी भेटला की "आता काय, सुरीनं कापून वाढता का हुग्गी?" असं विचारू लागली.

"तुमची फाईल द्या मला," मंजुश्री म्हणाली. "पाहिजेत तेवढेच रकाने काढून देते. काका तेवढंच वाचतील."

फाईल मडिवाळप्पांनी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतः एका बोटाने टाइप केलेली होती. एका उमेदवाराची एक ओळ, आणि ओळीत कॉमा देऊन मांडलेले नऊ रकाने: नाव, गाव, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, उंची, जन्मसाल, अपेक्षा आणि शेरा. शेवटचा रकाना फक्त कमिटीपुरता होता. मेळाव्याआधी सेक्रेटरीने प्रत्येक घरी जाऊन चहा घ्यायचा, माणसं बघायची आणि दिसलं ते दोन शब्दांत टिपून ठेवायचं, अशी कमिटीची जुनी रीत. उद्या कोणी चौकशी केली तर सांगायला काही हवं. मडिवाळप्पा चहा सावकाश पीत आणि शेरा खरा लिहीत.

मंजुश्रीने ठरवलं: पहिले चार रकाने आणि आठवी अपेक्षा. बाकी काही नाही. तिने सीमध्ये प्रोग्राम लिहिला. रकान्यांचे नंबर द्यायचे, तो फाईलमधली एकेक ओळ उचलतो, कॉमापाशी तोडतो आणि मागितलेले तुकडे तेवढे छापतो. हे एक्सेलमध्येही झालं असतं, असं तिला एका सहकाऱ्याने सुचवलं. सुताराला कोणी 'खुर्ची तयार मिळते बाजारात' म्हणून सांगावं, तशी तिने त्याच्याकडे पाहिलं.

फाईलच्या सुरुवातीच्या ओळींवर तिने प्रोग्राम चालवून बघितला. इस्लापूरचा शिक्षक, लातूरची नर्स, बँकेतला कारकून. सगळे रकाने जागच्या जागी आले. नोकरीवाल्यांना मागणी जास्त म्हणून मडिवाळप्पांनी त्यांना वर घातलं होतं. व्यापारी खाली होते. खालच्या ओळी तिने तपासल्या नाहीत. ओळ तीच, कॉमा तेच, प्रोग्राम तोच; वेगळं काय असणार?

रविवारी औसा रोडवरचं मंगल कार्यालय भरलं. बसवेश्वरांच्या प्रतिमेला हार पडला, 'शरणू शरणार्थी' म्हणून एकमेकांना नमस्कार झाले, आणि रत्नम्मांनी मागे मुदपाकखान्यात हुग्गीचं पातेलं उतरवून घेतलं. स्टेजच्या पडद्याआड मंजुश्री लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसली. मोठ्या टायपातल्या चिठ्ठ्या छापून ती काकांकडे देत होती, कारण चारचौघांत चष्मा लावणं काकांना मान्य नव्हतं.

सुरुवात झकास झाली. इस्लापूरचे शिक्षक आले, नाव, गाव, शिक्षण, नोकरी, "अपेक्षा: सुशिक्षित सुसंस्कृत मनमिळाऊ आणि दोन्ही घरांना धरून राहणारी," आणि खाली उतरले. नर्सबाईंची अपेक्षाही सुशिक्षित सुसंस्कृत मनमिळाऊ होती. कारकुनाचीही तीच. पुढच्या रांगेतले एक आजोबा डुलक्या घेऊ लागले. पण काम भराभर चाललं होतं. मडिवाळप्पा विंगेत उभे राहून घड्याळाकडे बघत होते. पोरगी जिंकायच्या बेतात आहे, ह्याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

मग व्यापारी सुरू झाले.

"मृत्युंजय," काका कडाडले. "मुक्काम औसा. शिक्षण बी.कॉम. व्यवसाय, किराणा ठोक विक्री." स्टेजवर एक उंच, लाजरा तरुण येऊन हात जोडून उभा राहिला. काकांनी चिठ्ठीची शेवटची ओळ घेतली. "अपेक्षा: पोरगा गुणी हाय. बाप बोलू देत न्हाई."

हॉलमधल्या सगळ्या माना मृत्युंजयकडे वळल्या.

"पुन्हा एकदा ऐका," काका शिस्तीत म्हणाले. "पोरगा गुणी हाय. बाप बोलू देत न्हाई."

तिसऱ्या रांगेतून मृत्युंजयचे वडील चन्नबसप्पा उठले. "कोण म्हणतं बोलू देत न्हाई?" ते गरजले. "कोणी लिहिलं हे? इज्जतदार माणसाला घरी येऊन चहा प्यायचा आणि असं लिहायचं?"

"बाबा, जाऊ द्या, मी..." स्टेजवरून मृत्युंजय म्हणाला.

"तू गप रे! मी बोलायलाव ना!"

हॉल असा हसला की डुलक्या घेणारे आजोबा जागे झाले आणि काय झालं म्हणून शेजाऱ्याला विचारू लागले. शेजाऱ्याने सांगितलं. मग आजोबा एकटेच हसले.

विंगेतून मडिवाळप्पांनी काकांना हात वर करून थांबण्याची खूण केली. शेवटच्या रांगेत बसलेला माणूसही ओळखेल अशी ती खूण होती. पण बसस्थानकावर कंट्रोलरने हात वर केला की आवाज वाढवायचा, हे काकांच्या अंगात मुरलं होतं. त्यांनी माईक जवळ ओढला.

"शिवांश! मुक्काम उदगीर! शिक्षण बी.ए.! व्यवसाय, कापड दुकान! अपेक्षा: स्वैपाक लई चांगला करतो. घरचे लपवतात. पुन्हा एकदा ऐका..."

ह्या वेळी पुन्हा ऐकायला हॉल तयार होता. मुलींच्या बाजूला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. शिवांशची आई पदरात तोंड लपवून म्हणाली, "एकदाच केली व्हती त्यानं शेंगाची पोळी! एकदाच!"

"कशी झाली होती?" मागून कोणीतरी विचारलं.

"लई चांगली," शिवांशच म्हणाला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पडद्याआड मंजुश्रीने हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. हे शेरे होते. अप्पांचे. नववा रकाना आठव्याच्या जागी कसा आला? तिने फाईल उघडली, औशाच्या ओळीवर गेली आणि कपाळावर हात मारून घेतला. व्यवसायापुढे एक कॉमा होता आणि त्याला चिकटून दुसरा. मधे उत्पन्न नव्हतं. खालच्या ओळीतही नव्हतं. त्याखालीही नाही. फॉर्मवर 'सर्व रकाने भरणे आवश्यक' असं तिनेच छापून घेतलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. व्यापारी माणूस कागदावर लिहून देत नसतो, हे व्यापाऱ्याच्या पोरीने ध्यानात घ्यायला पाहिजे होतं. बापाने तर दोनच दिवसांपूर्वी ताटावर बसून सांगितलं होतं.

पुढचा दोष सी भाषेचा म्हणावा, तर तोही तिचाच होता. ओळ तोडण्यासाठी तिने भाषेतलं जे तयार फंक्शन वापरलं, त्याची खोड जुनी: दोन कॉमा लागोपाठ आले तर ते त्यांना एकच समजतं. मधला रिकामा रकाना त्याच्या लेखी नसतोच. मग मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि अपेक्षेच्या खुर्चीवर शेरा येऊन बसतो. ही खोड ती दरवर्षी पोरांना फळ्यावर लाल खडूने लिहून सांगत असे.

मडिवाळप्पा घामाघूम होऊन पडद्याआड आले. "काय करून ठेवलीस, मंजू? माझे शेरे वाचायलाय तो!"

"तुम्ही सगळ्यांचं उत्पन्न मोकळं का ठेवलंत?"

"त्यांनी सांगितलं न्हाई, मी कुठून लिहू? व्यापाऱ्याला उत्पन्न विचारून बघ, पाण्याचा गिलास बी देणार न्हाई!"

"थोडं थांबा. दुरुस्त करते."

"चन्नबसप्पा मला थांबू देईल काय?"

बाहेर काका थांबलेले नव्हतेच. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात आधीच गेला होता. "सुकन्या! मुक्काम कंधार! शिक्षण एम.एस्सी.! व्यवसाय, स्वतःची रोपवाटिका! अपेक्षा: आवाज मोठा. मन त्याहून मोठं. चहा पाक केल्यासारखा गोड."

"चहा अव्वानं केला होता!" स्टेजवरची सुकन्या आईकडे बोट करून म्हणाली. तिने माईक घेतला नव्हता, तरी मुदपाकखान्यातून रत्नम्मा बाहेर येऊन बघून गेल्या.

"बघा! बघा!" चन्नबसप्पा अजून उभेच होते. "पोरींना असं बोलतात? सेक्रेटरीला बोलवा! आमच्यात कोणाला बोलू देत न्हाई असं..."

"मामा, तुम्ही बसा बघू," सुकन्या म्हणाली.

चन्नबसप्पांनी तोंड उघडलं. पण तिचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला होता आणि त्यात त्यांचा शब्द बुडाला. ते बसले. औशाच्या बाजाराने गेल्या कित्येक वर्षांत असं दृश्य पाहिलं नव्हतं. स्टेजच्या पायरीवर उभा असलेला मृत्युंजय त्या दिवशी पहिल्यांदा हसला, आणि ते सुकन्याने पाहिलं.

तोवर मंजुश्रीने तयार फंक्शन काढून टाकून स्वतःचं लिहिलं होतं. एकेक अक्षर पुढे जायचं, प्रत्येक कॉमा मोजायचा, मधे काही असो वा नसो. प्रोग्राम पुन्हा चालवला. अपेक्षा अपेक्षेच्या जागी, शेरा आपल्या घरी. नव्या चिठ्ठ्या घेऊन ती स्टेजवर गेली, काकांच्या हातातल्या जुन्या काढून घेतल्या आणि माईक हातात घेतला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "हे शेरे कमिटीचे खासगी होते. प्रोग्राममध्ये रकाना सरकला. आता दुरुस्त झालंय. ज्यांचं वाचलं गेलं, त्यांची मी माफी मागते."

तिने नवी चिठ्ठी काकांना दिली. काकांनी पुढच्या उमेदवाराचं नाव, गाव, शिक्षण, व्यवसाय वाचला. "अपेक्षा: सुशिक्षित सुसंस्कृत मनमिळाऊ..."

"ए, हे नको!" मागून आवाज आला. "ते आधीचं वाचा!"

"हाव, ते खरं होतं!"

पुढच्या रांगेत इस्लापूरच्या शिक्षकांचे वडील तावातावाने उठले. "आणि आमचं काय? आमच्या पोराचा शेरा कुठाय? आम्ही पगार लिहिला हा गुन्हा केला काय? बरोबर फॉर्म भरणाऱ्याला सुसंस्कृत मनमिळाऊ, आणि न भरणाऱ्याला एवढं सगळं?"

नर्सबाईंच्या मावशीनेही तेच विचारलं, जरा चढ्या आवाजात. मडिवाळप्पांना पडद्याआड लपायची सोय उरली नाही. ते बाहेर आले आणि त्यांनी हात जोडले. "शेरा खासगी असतो. उघड वाचायची रीत न्हाई."

तेव्हा चन्नबसप्पा पुन्हा उठले. सगळा हॉल वळून सुकन्याकडे बघू लागला. पण चन्नबसप्पांचा सूर बदलला होता.

"आमचं वाचून झालंय," ते म्हणाले. "एकट्याचंच वाचलं तर बेइज्जती. सगळ्यांचं वाचलं तर रीत. आता सगळ्यांचं वाचा!"

हा युक्तिवाद हॉलला पटला. मंजुश्रीने पुन्हा माईक घेतला. "ज्यांना चालतंय त्यांच्याच घरच्यांनी हात वर करायचा. उमेदवाराने स्वतःही. दोघांचे हात वर आले तर शेरा, नाहीतर अपेक्षा."

हात वर आले. आजोबांचाही आला, त्यांचं कोणीच उमेदवार नव्हतं. मंजुश्री आत गेली आणि आठच्या जागी नऊ लिहिलं. आता ती चूक नव्हती, निवड होती.

त्यानंतर मेळावा धावला. अपेक्षा लांबलचक होत्या आणि सगळ्या एकसारख्या. शेरे दोन वाक्यांचे. शिक्षकांचा शेरा होता, 'पोरांना मारत न्हाई. पोरं ऐकतात.' त्यांचे वडील इतके खूश झाले की त्यांनी तो काकांकडून तिसऱ्यांदा वाचून घेतला. नर्सबाईंचा होता, 'घरात हिचंच चालतं आणि ते बरंच आहे.' कोणी चिडलं, कोणी लाजलं, पण हॉल सोडून कोणी गेलं नाही. पाण्याच्या माठापाशी उदगीरची मंडळी शिवांशच्या आईला पोळीत गूळ किती घातला होता ते विचारत होती.

"सेक्रेटरी," शेवटची चिठ्ठी संपल्यावर कोणीतरी ओरडलं, "प्रोग्रामवालीचा शेरा वाचा की!"

मडिवाळप्पांनी माईक घेतला, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिचा शेरा हुग्गी ठरवणार हाय."

हॉलला काही कळलं नाही. मुदपाकखान्याच्या दारात रत्नम्मांना कळलं.

पंगत बसली. रत्नम्मांनी पहिली पळी नवऱ्याच्या पानात स्वतः वाढली आणि समोर उभ्या राहिल्या. हुग्गीतून वाफ निघत होती. मडिवाळप्पांनी वाफेकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पंगतीच्या टोकाला उभ्या असलेल्या मंजुश्रीकडे. फुंकर घालायचा मोह त्यांनी आवरला. व्यवहारात फुंकर घालून माल थंड करणं बसत नाही. त्यांनी घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"चटका बसला?" रत्नम्मांनी विचारलं.

"बसला."

"मग?"

"सोमवारची पहिली गाडी किती वाजता हाय, ते विरूपाक्षला विचारा," मडिवाळप्पा म्हणाले आणि पाण्याचा गिलास तोंडाला लावला.

शेजारच्या पानावर विरूपाक्षकाका होते. त्यांनी वेळ सांगितली, आणि पुन्हा एकदा सांगितली.

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या आधी नांदेडला मंजुश्रीचा मोबाइल वाजला. तास संपवून ती वर्गाबाहेर आली होती.

"मंजू, फॉर्म आले," मडिवाळप्पा म्हणाले. "लई आले. उदगीरवाल्यांनी तर गाडी करून आणून दिले. सुकन्या आणि मृत्युंजयनं बी त्यांच्या लग्नाला आलेल्या सगळ्या नातेवाइकांचे पाठवलेत. पण एकानं बी उत्पन्न लिहिलं न्हाई."

"व्यापारी लिहीतच नाहीत, अप्पा."

"नोकरीवाल्यांनी बी न्हाई! एका तलाठ्यानं लिहून खोडलंय. उत्पन्न मोकळं सोडलं की शेरा वाचतात, अशी खबर पसरलीय सगळीकडे."

मंजुश्री हसली. "काही फिकीर नाही. दुरुस्त केलेला प्रोग्राम तुमच्याकडे आहेच. रकाना रिकामा असला तरी आता काही सरकत नाही. शेरा पाहिजे तर नऊ नंबर द्या."

"तेच तर सांगायलाव. ते दुरुस्त केलेलं नको." मडिवाळप्पांनी आवाज खाली आणला. "नऊ नंबर दिला की कमिटीनं मुद्दाम वाचला असं होतं. लोक विचार करायला लागतात, हात वर करू का नको. चुकून वाचला की सगळ्यांना बरं वाटतं. तू ते चुकलेलंच पाठव."

चुकलेला प्रोग्राम तिच्याकडे होता. वर्गात 'असं कधी करू नये' म्हणून दाखवायला तिने तो जपून ठेवला होता.

"पाठवते," ती म्हणाली. "पण माझीपण एक अट आहे. माझ्या लग्नाचं मी बघणार. फाईलमध्ये माझी ओळ नको."

पलीकडे अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पाठीमागे रत्नम्मांचा आवाज आला, "मी ऐकतीय."

"कबूल," मडिवाळप्पा म्हणाले.

"लिहून देता?"

फोन बंद झाला. मंजुश्रीने पुढच्या तासाची हजेरी घेतली, फळ्यावर लाल खडूने दोन कॉमा काढले आणि पोरांकडे वळली, तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल चमकला. अप्पांचा निरोप होता, एका बोटाने टाइप केलेला. मडिवाळप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही लिहून दिलं होतं. एकच शब्द: 'कबूल'. आणि पुढे त्यांनी पूर्णविरामही दिला होता.